खाप्याहून सुटणारी गाडी

मामाचं दुखणं खाप्याहून निघायचं. घोट्याच्या हाडात ठणका सुरू झाला की तो आईला हाक मारून सांगायचा, "गाडी सुटली वं बाई. खाप्याले आहे अजून." गुडघ्यात आलं की सावनेर. मांड्या आणि कंबर धरली की पाटणसावंगी. पाठीतून वर चढून बरगड्यांशी आलं की कोराडी. कोराडीच्या पुढे नागपूर. नागपूर म्हणजे छाती.

खापा हे आईचं माहेर. मामा तिचा धाकटा भाऊ, आणि खापा-नागपूर रस्त्यावरच्या लाल गाडीवर कंडक्टर. त्या रस्त्यावरचं प्रत्येक झाड त्याला ठाऊक होतं. पुढे दिवसभर उभं राहणं झेपेना, म्हणून त्याला डेपोत बसायचं काम मिळालं आणि तो आमच्याकडे, इंदोऱ्याला राहायला आला. गाडी सुटली, पण रस्ता सुटला नाही. तो त्याने स्वतःच्या अंगावर अंथरून घेतला.

मी एकदा त्याला विचारलं, पाय दुखतो असं सरळ का सांगत नाहीस. तो म्हणाला, "दुखते म्हटलं का तुह्या मायच्या डोळ्यात पाणी येते. सावनेर म्हटलं का येत नाही." हे सुरुवातीला खरं होतं. पुढे पुढे सावनेर म्हटलं तरी यायला लागलं.

घरात या गावांवर सगळं ठरलेलं होतं. खापा असेल तर पाणी पीत राहायचं, पांघरूण घ्यायचं आणि गोळी. सावनेर आलं की आई तव्यावर खडे मीठ भाजून त्याची पुरचुंडी बांधायची आणि शेक द्यायची. पाटणसावंगीला गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन. कोराडी म्हणजे बाबांनी कार्यालयातून निघून यायचं आणि दारात रिक्षा उभी करायची. नागपूरसाठी काही ठरलेलं नव्हतं. नागपूर आलं नव्हतं. "मी त्याले नागपूरले पोचू देत नाही," मामा म्हणायचा. पण असं म्हणताना तो छातीवर हात ठेवायचा, दार नीट लागलंय का ते बघितल्यासारखा.

आमचा इंदोरा नागपुरातच होता आणि नागपूर हा शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. बाबा "शहरात जाऊन येतो" म्हणायचे. मी नन्सच्या इंग्रजी शाळेत जात होते. एकदा भूगोलाच्या तासाला टीचरनी मला फळ्यावरच्या नकाशात आपलं गाव दाखवायला सांगितलं. मी खडू घेऊन उभी राहिले आणि हात पुढे होईना. शेवटी मी ठिपका थोडा बाजूला, रिकाम्या जागी दिला. वर्ग हसला. आपल्या गावाची जागासुद्धा ठाऊक नसलेली मुलगी म्हणून मी बराच काळ ओळखली गेले, आणि मला ते बरं वाटलं. खरं कारण सांगावं लागलं नाही.

या दुखण्याला आधी सगळे वात म्हणत. खाप्याला त्याच्या अंगाला नाना तेलं चोळून झाली होती. इकडे आल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा वात नव्हे, सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, एकमेकींत अडकतात, रक्त पुढे जात नाही, म्हणून हाडं ठणकतात. थंडी, ताप, थकवा, पाणी कमी पडणं, यांतलं काहीही झालं की उसळी. जन्माचं आहे, जाणार नाही. सांभाळायचं.

घरी येऊन मामाने ते आईला आपल्या पद्धतीने समजावलं. "पाह्य बाई, लोकं सरळ बसले तं गाडी भरली असली तरी जागा होते. पण मधातच तंगड्या आडव्या टाकून बसले, का मंग ना कोणी पुढं जात, ना मागं. माह्या रक्तात असेच पाशिंजर भरले."

"मंग करायचं काय गा?" आईने विचारलं.

"पाणी पेयाचं. रेडिएटरले पाणी लागते."

तेव्हापासून त्याच्या हाताशी पितळी तांब्या आला. तो कुठेही गेला तरी तांब्या बरोबर. डेपोत लोक त्याला चिडवायचे, "काय गा, कुठी चालला तांब्या घेऊन? मैदानात का?" तो गंभीरपणे म्हणायचा, "हौ. येता का संगं?"

त्याच डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचंही रक्त तपासून घेतलं. आईच्या रक्तात तो दोष अर्धा निघाला. माझ्याही. अर्धा म्हणजे आजार नाही, फक्त पुढे जाऊ शकणारी गोष्ट. बाबांच्यात काहीच नव्हतं. मामाने तिथेच, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, निकाल लावून टाकला. "माह्यं फुल तिकीट. बाईचं अन् मॅडमचं हाफ. भाऊजी विदाउट!" मॅडम म्हणजे मी. बाबा क्वचितच हसत. त्या दिवशी हसले.

मी हसले नाही. मला पुढे कित्येक महिने फक्त ते हाफ तिकीट दिसत होतं. शाळेत धावण्याच्या शर्यतीनंतर पोटरीत गोळा आला की मी मनात म्हणायचे, खापा. मग बाथरूममध्ये जाऊन नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायचे, पोट टम्म होईपर्यंत. कुणाला सांगत नव्हते. मला कुणाला काहीच सांगायची सवय नव्हती. घरी बाबांनी मले-तुले बोलायला बंदी केलेली, शाळेत मराठीच बोलायला बंदी. या दोन्हींच्या मधल्या जागेत मी गप्प बसायला शिकले होते.

मामाने मात्र ओळखलं. एका संध्याकाळी मी तिसरा पेला भरताना तो खाटेवरून माझ्याकडे बघत होता.

"काय मॅडम, काहून भेऊन राहिली?"

"काही नाही."

"हाफ तिकिटाले सीट भेटत नाही. पण कोणी उतरवून बी देत नाही. तू आपली खिडकीजवळ उभी राह्य अन् बाहेर पाह्य." मग म्हणाला, "एक लक्षात ठेवजो. दुसऱ्या हाफ तिकिटाच्या बाजूले बसू नको. दोन हाफचं एक फुल होऊ शकते."

माझं वय तेव्हा असं होतं की त्याचा अर्थ कळून माझे कान तापले. पण हे वाक्य त्याने हसत म्हटलं नव्हतं.

त्याची खाट समोरच्या खोलीत होती आणि स्वयंपाकघर मागे. दुखणं जोरात आलं की त्याचा आवाज बसायचा, हाक मागे पोचायची नाही. म्हणून त्याने खाप्याहून एका म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटी आणली, ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टांगली, आणि तिची दोरी छताच्या खिळ्यांवरून ओढत खाटेपर्यंत आणली. अगदी गाडीत असते तशी. नियमही गाडीचेच. एक टोला म्हणजे थांबा, हातातलं काम सोडा आणि या. दोन टोले म्हणजे चला, जाऊ द्या, बरं आहे. इंजेक्शन लागू पडलं, ठणका उतरला, की तो दोनदा दोरी ओढायचा. आई चुलीपाशी जमिनीवर बसून घ्यायची आणि काही वेळ नुसती बसून राहायची.

मी अभ्यास करत असले तरी माझे कान त्या घंटीकडे असायचे. पहिला टोला पडला की दुसऱ्याची वाट. त्या दोन टोल्यांच्या मधे जी जागा असते, तिच्यात माझं बरंचसं बालपण गेलं.

भीती फक्त थंडीची नव्हती. माणसांच्या मायेचीही होती. आमच्या नात्यात मे महिन्यात एक लग्न होतं. बाहेर ऊन भाजून काढत होतं. मुलीकडच्यांनी मामाला पाहिलं. आजारी माणूस, एवढ्या उन्हात आला, म्हणून त्याला मानाने मांडवातल्या एकुलत्या कूलरसमोर बसवलं. वाळ्याचा गार, ओला वारा थेट त्याच्या घामेजल्या अंगावर. आई बायकांमध्ये होती. मी बघत होते. मामा दोनदा उठला, दोन्ही वेळा त्याला खांदे दाबून परत बसवलं गेलं. "बसा ना जी, लाजून काहून राहिले? आपलंच घर समजा!" तो हसत होता, हात जोडत होता. सरबताचा पेला त्याच्या हातात होता आणि त्याचं दुसऱ्या हाताचं बोट गुडघ्यावर हळूच टेकलेलं होतं. सावनेर. खापा कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. मी आईला शोधत धावले. परत येईपर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले होते. मांडवातून त्याला उचलून नेताना तो यजमानांना सांगत होता, "जेवण झ्याक झालं बरं का." त्याने घासही घेतला नव्हता.

अशा वेळी शेजारच्या बायका आईला सांगायच्या, अमक्या देवाला बोल, तमकीची ओटी भर. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती. बाबांनी धम्म घेतला तेव्हापासून देवाला नवस बोलायची सोय राहिली नव्हती, आणि आईलाही ती नको होती. पण मीठ भाजताना तिचे ओठ हलायचे. ती त्रिशरण म्हणायची, पुन्हा पुन्हा, तव्यावर मीठ तडतडायच्या लयीत. त्यात मागणं काही नव्हतं. नवस बोलणाऱ्या माणसाला घाबरल्यावर देवाशी सौदा तरी करता येतो. तिला तेवढाही आधार नव्हता.

मग ती हिवाळ्यातली सकाळ आली. मामा अंगणात उन्हाला बसला होता, कानाला मफलर, हातात चहा. आई तांदूळ निवडत होती. मी शाळेचे बूट घालत होते. मामा एकदम म्हणाला, "कामठी."

आईने वर पाहिलं आणि तिला हसू आलं. आदल्याच आठवड्यात कामठीच्या एका मुलीशी त्याच्या लग्नाची गोष्ट निघाली होती. मामा अशा गोष्टी नेहमी उडवून लावायचा. आपण फुल तिकीटवाले, दुसऱ्याच्या शेजारची जागा कायले अडवावी, म्हणायचा. आईला वाटलं, आता मन वळलं. "काय गा, कामठी याद येऊन राहिली सकाळी सकाळी? सांगू का तिच्या बापाले?"

"कामठीले," मामा म्हणाला. "कामठीले येऊन राहिलं."

"अगा, तूच जा ना मंग पाहाले," आई म्हणाली आणि सुपातले खडे बाजूला टाकले.

मी त्याच्या कपाकडे बघत होते. कप सरळ नव्हता. चहा त्याच्या मांडीवर सांडत होता, गरम चहा, आणि त्याला कळत नव्हतं. तोंडाचा एक कोपरा खाली आला होता. आमच्या रस्त्यावर कामठी नव्हती. खाप्याची गाडी कामठीवरून येत नाही. ज्या रस्त्यावर त्याची ड्युटी कधी लागली नव्हती त्या रस्त्याने हे काहीतरी येत होतं, आणि त्याच्यापाशी त्यासाठी दुसरं नाव नव्हतं.

घरात मी मोठ्याने बोललेलं कुणाला आठवत नव्हतं. मी ओरडले, "आई, कामठी आपल्या रस्त्यावर नाही!"

आईच्या हातातलं सूप पडलं. एवढ्यानेच तिला सगळं कळलं. बाबा अर्धी दाढी केलेले तसेच रिक्षा आणायला धावले.

डॉक्टर म्हणाले, या आजारात मेंदूकडे जाणारं रक्तही अडू शकतं. लगेच आणलंत म्हणून बरं. त्याला रक्त चढवलं. मामा वाचला. उजवा हात आणि बोलणं मात्र गेलं. बोलायला जायचा तर घशातून नुसता घोगरा आवाज यायचा, आणि मग तो तोंड मिटून भिंतीकडे बघायचा.

आधी आमच्या भीतीला रस्ता होता. कुठे आहे ते कळायचं, अजून किती वेळ आहे तेही कळायचं. आता त्याच्या कपाळावर घाम दिसायचा, डावी मूठ आवळलेली दिसायची, आणि दुखणं कुठे पोचलंय ते कुणालाच कळायचं नाही. आई अंगावर हात ठेवून विचारायची, इथी का? इथी का? जिथे हात लागेल तिथे त्याला दुखायचं.

एका दुपारी तो असाच तळमळत होता. आई पाणी आणायला गेली होती. मी खाटेशी उभी होते. काय करावं ते सुचेना, आणि माझ्या तोंडून अगदी हळू निघालं, "खापा?"

मामाने डोळे उघडले.

"सावनेर?"

त्याने डाव्या हाताने दोरी ओढली. एक टोला. थांबा.

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. ती तशीच मागे फिरली आणि तवा चढवला.

तेव्हापासून मी कंडक्टर झाले. उसळी आली की मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहायचे आणि गावं पुकारायचे. तो बरोबर गावाला घंटी द्यायचा. मी कुजबुजले तर तो मान हलवायचा. असा पुकारा त्याला चालत नव्हता. मग मी आवाज चढवायचे. "चला, सावनेरवाले उतरा जी! लौकर करा, गाडी थांबून राहिली!" माझ्या तोंडचं हे बोलणं ऐकून त्याचा अर्धा चेहरा हसायचा. बाबा आतल्या खोलीत असायचे. त्यांनी मला एकदाही टोकलं नाही. एक नियम मामाने खुणेनेच घालून दिला होता: पुकारा झाल्याशिवाय घंटी नाही. मी चुकून एखादं गाव गाळलं तर तो दोरी हातात धरून थांबायचा, माझ्याकडे रोखून बघत.

दीड उन्हाळा असा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला आधी खोकला झाला, मग ताप. आई सारखं पाणी पाजत होती. दुपारी मी कॉलेजच्या प्रवेशाची चौकशी करून घरी आले तर तो उशीला टेकून बसलेला, श्वास आखूड, नाकपुड्या फुललेल्या. डोळ्यांनीच त्याने मला पायथ्याशी बोलावलं.

"खापा."

दोरी हलली नाही. मला थोडं बरं वाटलं.

"सावनेर. सावनेरवाले."

नाही.

"पाटणसावंगी."

नाही. आई मिठाची पुरचुंडी घेऊन उभी होती. तिची बोटं त्या कापडावर भाजत असणार, पण ती हलली नाही.

"कोराडी," मी म्हटलं. "कोराडी. मामा, कोराडी ना?"

दोरी त्याच्या हातात होती. तो वाट बघत होता. माझ्या लक्षात आलं की तो माझ्या पुकाऱ्यासाठी थांबलाय. आपल्याच नियमासाठी. मी आईकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत नव्हती. जे नाव आमच्या घरात कुणी घेत नव्हतं ते मलाच घ्यायचं होतं, आणि मी घेईपर्यंत तो श्वास घेण्याची खटपट करत तसाच बसणार होता.

मी म्हटलं, "नागपूर."

घंटी एकदा वाजली.

दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला, रक्त चढवलं, जे होतं ते सगळं केलं. तरुण डॉक्टर बाहेर आले आणि जे घडलं ते त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, आईला लगेच कळू नये म्हणून असेल. मी आईकडे वळले. तिला इंग्रजी येत नव्हतं. तरी तिने मला एक शब्द बोलू दिला नाही.

अस्थी कन्हान नदीत सोडायच्या होत्या, खाप्याला. आम्ही तिघं लाल गाडीने निघालो. आईच्या मांडीवर पांढऱ्या कापडात बांधलेलं गाडगं होतं. कंडक्टर आला. "किती?" बाबा म्हणाले, "तीन फुल." मी खिडकीजवळ होते.

गाडी शहराबाहेर पडली. काही वेळाने कंडक्टरने पुकारलं, "कोराडी! कोराडीवाले!" आईची बोटं गाडग्यावर आवळली. पाटणसावंगीला बाबांनी चष्मा काढून पुसला. सावनेरला आईने तोंड पदराने झाकलं. मला कळत होतं की आम्ही उलटे चाललो आहोत, छातीकडून पायाकडे, आणि प्रत्येक गावाला मामाच्या अंगातलं काहीतरी उतरून जातंय. तरीही माझे हात गार होते. सवय लगेच जात नाही.

ती गाडी खाप्याच्या पुढच्या गावांना जाणारी होती. खापा जवळ आलं तेव्हा कंडक्टर मागे तिकिटं देण्यात गुंतला होता. पुकारा झाला नाही. रस्त्याकडेची घरं दिसू लागली आणि गाडी हळू होईना. मी उभी राहिले. "खापा!" मी म्हटलं, चांगलं मोठ्याने, आणि डोक्यावरची दोरी एकदा ओढली.

"घंटी मारणं माह्यं काम आहे वं पोरी," कंडक्टर मागून ओरडला.

गाडी थांबली. बाबांनी आईला हात दिला. आम्ही तिघं खाली उतरून धुळीत उभे राहिलो, गाडगं आईच्या छातीशी. वर कंडक्टरने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा गाडग्याकडे. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दोनदा दोरी ओढली.